डोळ्यांचे वेगळे पैसे

मी अंगठ्याएवढी माणसं रंगवते. जळगावात हे सांगितलं की समोरचा आधी स्वतःच्या अंगठ्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे. चित्रकलेची पदविका घेऊन शाळेत जागा निघायची वाट बघत सात वर्षं गेली. त्याच काळात इंटरनेटवर कळलं, की परदेशात चांगली मिशीवाली माणसं टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळतात आणि ते सैनिक रंगवून देणारं कुणीतरी शोधत असतात. माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाने एकच प्रश्न विचारला होता, की तुम्ही कोणत्या दर्जाचं काम करता. मी कळवलं, चांगल्या. ते उत्तर त्याला चाललं नाही. या धंद्यात चांगलं-वाईट नसतं, दर्जे असतात आणि प्रत्येक दर्जाचा दर आधी सांगावा लागतो, हे त्याने मला चार लांबलचक पत्रांतून शिकवलं.

तेव्हापासून माझं दरपत्रक तीन ओळींचं आहे. साधं, मध्यम आणि खास. साध्यामध्ये कपड्याला एक रंग, कातडीला एक रंग, वरून पातळ काळसर रंगाचा हात, बस्स. मध्यममध्ये उजेड-सावली येते, कपड्याला काठ येतो आणि डोळ्यांच्या जागी दोन ठिपके येतात. खासमध्ये डोळ्याला पांढरं, त्यात काळं आणि त्या काळ्यात सुईच्या टोकाएवढी चमक. साध्याला डोळेच नसतात. हे ऐकून लोक दचकतात, पण हातभर अंतरावरून ते कळत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढ्या तोंडावर दोन डोळे सारखे काढायला सगळ्या अंगापेक्षा जास्त वेळ जातो. एक जरा सरकला की योद्धा तिरळा होतो. म्हणून मी डोळ्यांचे वेगळे पैसे घेते. घेत होते.

आमचे हे पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात आहेत. केळी भरायची खोकी रावेरकडे जातात, त्यामुळे तिकडच्या बागायतदारांशी यांची ऊठबस असते. अशाच एका गिऱ्हाइकाला यांनी मोबाइलवर मी रंगवलेला ड्रॅगन दाखवला. आठवड्याने ते गृहस्थ आमच्या दारात उभे राहिले. पांढरी टोपी, पांढरा पायजमा, हातात केळ्यांची मोठी फणी. वय चौऱ्याहत्तर. सगळा गाव त्यांना आबा म्हणतो, म्हणून मीही आबाच म्हणू लागले.

आबांनी ड्रॅगन हातात घेतला, खिशातून भिंग काढलं आणि बराच वेळ बघितला.

"जनावर चांगलं हाये," ते म्हणाले. "मानसं जमतीन का?"

त्यांना आपलं सगळं घर हवं होतं. स्वतः, बायको, तीन मुलगे, तीन सुना, दोन मुली, दोन जावई आणि अकरा नातवंडं. अशी तेवीस माणसं, मागे केळीची बाग, पुढे ट्रॅक्टर आणि वर काचेची पेटी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली माहेरी येतात, तेव्हा आबांच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम होता आणि त्या दिवशी पेटी उघडायची होती.

"फोटो का नाही काढत?" मी विचारलं. धंद्याच्या दृष्टीने चुकीचा प्रश्न होता.

"वीस वर्सं झाले, काढूनच राह्यलो. येक आला तं दुसरा रुसते. रंगाचे मानसं रुसनार तं नहीत."

मला हे पटलं. मी दरपत्रक पुढे केलं आणि तीन दर्जे समजावू लागले. पण अर्ध्यातच त्यांनी हात वर केला. आयुष्यभर केळीचा माल निवडून वेगळा लावलेला माणूस. "समजलं. येक एक्स्पोर्टचा माल, येक लोकलचा आन् येक वेफर्सचा."

इतकं नेमकं माझ्या परदेशी गिऱ्हाइकालाही मांडता आलं नव्हतं.

मग आबांनी माझ्याकडून पेन घेतलं, चष्मा लावला आणि माझ्या देखत स्वतःच्या घराची प्रतवारी केली. थोरला मुलगा खास. थोरली सून खास. मधला मुलगा मध्यम. इथे जरा थांबले. मधली सून धुळ्याकडची. तिला साधं. धाकटा मुलगा आणि त्याची बायको पुण्याला असतात, त्यांना मध्यम. मुली खास. नातवंडं सरसकट खास. थोरला जावई मध्यम. धाकटा जावई जामनेरचा.

"साधं," आबा म्हणाले. "तो केयं खात नही."

"केळं खात नाही म्हणजे?"

"लग्नाच्या दिवशी पानात वाढलं तं बाजूले सारलं. आठ वर्सं झाले. आजून खात नही."

बायकोच्या नावापुढे मध्यम लिहिलं आणि स्वतःच्या पुढे साधं. ट्रॅक्टरपुढे मात्र खास.

मी म्हटलं, "आबा, सगळे शेजारी शेजारी उभे राहणार. फरक दिसेल हो."

"दिसू द्या ना. पंच्याहत्तर वर्सं म्या दिसू देला नही."

"आणि तुम्हाला स्वतःला साधं? तुमचाच तर कार्यक्रम आहे. डोळे तरी काढू द्या."

"मले डोये कायले? दोन्ही डोयांचं आपरेशन झालेलं हाये. मले दिसते, तेवढं पुरे."

निम्मे पैसे रोख देऊन आबा गेले. मी आठ दिवस त्यांची केळी खाल्ली.

लोकांचे फोटो पाठवले की पुण्यात एक जण यंत्रावर तशा बाहुल्या छापून देतो. फोटो मिळावेत म्हणून थोरल्या सुनेने मला त्यांच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. तिथे माझ्या हातून एक चूक झाली. कुणाची साडी कोणत्या रंगाची, कुणाला चष्मा हवा, हे सगळं मी यादीत नीट टंकून ठेवलं होतं. बाहुल्या छापून आल्यावर, सगळ्यांनी एकदा तपासावं म्हणून ती यादी मी ग्रुपवर टाकली. शेवटच्या रकान्यात दर्जा होता. खाली साध्याचा अर्थही कंसात छापलेला होता. डोळे नाहीत.

दुपारी बाराला टाकली. साडेबारापर्यंत सगळ्यांनी बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या. संध्याकाळपर्यंत त्या ग्रुपवर एक अक्षर आलं नाही. मग फोन सुरू झाले.

पहिला मधल्या सुनेचा. तिचं माहेर धुळे तालुक्यातलं, आणि रागात ती थेट माहेरच्या बोलीवर आली.

"ताई, ट्रॅक्टरले खास लिखेल शे, अनि माले साधं? मी काय ट्रॅक्टरपेक्षा कमी शे का?"

मी सांगितलं की दर्जे मी ठरवलेले नाहीत. ती म्हणाली, ते तिला माहीत आहे. ते कुणी ठरवले तेही माहीत आहे. वरचे पैसे ती भरेल, पण घरात कुणाला कळता कामा नये. मग आकडा ऐकून ती जरा शांत झाली.

"एकाच डोळ्याचे किती होतील? मी आडवी उभी राहीन. एकच दिसेल."

मला हसू आलं नाही, कारण मी लगेच हिशेब करायला बसले होते. आडव्या माणसाचा एक डोळा म्हणजे निम्मं काम हे खरंच होतं. पण बाहुली आधीच समोर तोंड करून छापून आली होती. शेवटी तिने दोन डोळ्यांचे पैसे भरले.

त्याच दिवशी तासाभराने तिचा नवरा, म्हणजे मधला मुलगा. त्याला मध्यमचं खास हवं होतं. "घरी सांगू नका. हिला साधं आहे, तिला वाईट वाटेल." मी बरं म्हणाले. पुण्याच्या धाकट्या मुलाने फोनवर बोलण्याऐवजी थेट पैसेच पाठवले आणि खाली फक्त "दोघांचे" असं लिहिलं. थोरल्या जावयाने आधी दर्जा म्हणजे काय, तो कुठे नोंदलेला असतो, असं सगळं विचारलं आणि मग पैसे भरले. थोरल्या मुलाला खास मिळालेलंच होतं, तरी त्याचाही फोन आला. खासच्या वर काही आहे का? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग माझी मिशी तरी जास्त बारकाईने करा, त्याचे काय ते घ्या.

जामनेरचा धाकटा जावई मात्र समक्ष आला. मोटरसायकलवर, भर उन्हात, तोंडाला रुमाल बांधून. पाणी पिऊन म्हणाला, "मला डोळे नसले तरी चालतील. मी पैसे देतो, तुम्ही थोरल्या मेव्हण्याचे डोळे काढून टाका."

"दर्जा वाढवायचे दर आहेत माझ्याकडे," मी म्हटलं. "उतरवायचे नाहीत."

"उतरवायला उलट कमी रंग लागेल ना?"

"पुसायला जास्त वेळ लागतो."

यावर तो विचार करत बसला. आमचे हे आतून म्हणाले, "चौथी ओळ टाक की मग दरपत्रकात." कबूल करते, की क्षणभर मी त्या ओळीचा दर मनात ठरवला होता. पण नको म्हणाले. त्याने मग स्वतःच्या डोळ्यांचे पैसे दिले. जाता जाता हळूच सांगून गेला, की केळ्याने त्याच्या घशाला खाज येते, लहानपणापासून. सासऱ्यांना सांगायचं राहून गेलं.

"आठ वर्षांत?"

"पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. आता कसं सांगणार?"

चैत्रातल्या उन्हात मी ती माणसं रंगवली. जळगावच्या उन्हाळ्यात रंग ब्रशवरून तोंडापर्यंत पोचायच्या आत वाळतो. स्टीलच्या ताटलीत ओलं फडकं, त्यावर कागद आणि कागदावर रंग, असं करून मी एकेक डोळा काढत होते. कूलर लावला की हात थरथरायचा, बंद केला की घाम भिंगावर पडायचा. तेविसांपैकी एकवीस जण खास झाले होते, आणि त्यातल्या ज्यांनी वरचे पैसे भरले होते त्या प्रत्येकाला मी कुणाला न सांगण्याचं वचन दिलं होतं. उरले दोघं. आबा आणि त्यांची बायको, जिला सगळे अक्का म्हणतात. अक्कांचा फोन आला नव्हता. त्यांचे दोन ठिपके मी आपल्या मनाने थोडे मोठे काढले आणि त्यात चमक टाकली. त्याचे पैसे कुणाकडे मागायचे हा प्रश्नच नव्हता.

मग आबांना फोन केला. म्हटलं, तुमचेही काढते, फुकट.

"फुकट नको," ते म्हणाले. "जो माल ठरला तोच द्या. म्या कधी येक दाखवून दुसरा भरला नही."

बाकी बावीस जणांचं काय झालं आहे, हे मी त्यांना सांगू शकत नव्हते. फोन ठेवला आणि आबांच्या कोऱ्या तोंडावर फक्त पांढऱ्या भुवया काढल्या. भुवया दरपत्रकात कुठेच नव्हत्या, त्यामुळे त्यांच्यावर कुणाला हरकत घेता येणार नव्हती.

कार्यक्रम आखाजीच्या दुसऱ्या दिवशी होता. केळी भरायच्या शेडमध्ये मांडव, चार मोठे कूलर, तीनेकशे माणसं. मागे चुलींवर खापराचे मांडे होत होते आणि आमरसाची पिंपं भरलेली होती. आम्ही दोघं पेटी मांडीवर घेऊन जळगावहून गाडीने गेलो. खड्डा आला की हे ओरडायचे, "माणसं सांभाळ!" माइकवाल्याने आबांचं कौतुक केलं, गुळाने त्यांची तुला झाली आणि मग थोरल्या मुलाने पेटीवरचं कापड ओढलं.

सगळे पुढे आले. आधी जो तो आपल्याला शोधत होता. सापडल्यावर प्रत्येकाच्या तोंडावर समाधान आलं. मी बघत होते. ते फार तर अर्धा मिनिट टिकलं. त्यानंतर प्रत्येक जण शेजारच्याकडे बघू लागला.

मधला मुलगा बायकोच्या बाहुलीवर वाकला. "तुला डोळे कुठून आले?"

"अनि तुमले कुठून उनात?"

थोरली सून म्हणाली, "जामनेरच्या पाहुण्यांना तर साधं होतं ना?" जामनेरचे पाहुणे कूलरकडे बघू लागले. थोरला जावई माझ्यापाशी आला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, ही फसवणूक आहे. मी खासचे पैसे दिले. सगळेच खास असतील तर खास कशाला म्हणायचं?"

मी म्हटलं, "काम खासच केलंय. भिंग घेऊन बघा."

"काम बरोबर आहे. पण मी नुसत्या कामाचे पैसे दिले नव्हते."

मग एकेक करून आवाज वाढले. मुंडकी मोजल्यासारखी माणसं डोळे मोजत होती. कुणी तरी पैसे परत हा शब्द काढला आणि तो सगळ्यांना आवडला. आमच्या ह्यांनी माझा दंड धरला. मला खरंच वाटलं, की चूक माझी आहे. यादी मी टाकली, हो-हो मी म्हणाले, प्रत्येकाला आपण एकटेच वरचे पैसे भरतोय असं वाटू दिलं.

एवढ्यात अक्का उठल्या. इतका वेळ त्या खुर्चीवर पदराने वारा घेत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला आणि पेटीपाशी आल्या. लोक बाजूला झाले.

"ज्याले पैसे वापस पाह्यजे, त्यानं डोये वापस द्यावे," त्या म्हणाल्या. माझ्याकडे वळून विचारलं, "पुसता येतीन ना?"

"येतील," मी म्हटलं. वाटेत रंग उडाला तर दुरुस्तीला म्हणून ब्रश, रंग सगळं माझ्या पिशवीत होतं. मी पिशवी उघडली.

कुणीही पुढे आलं नाही. थोरल्या जावयाने तर नकळत पेटीच्या त्याच्या बाजूला हात आडवा धरला.

अक्का अजून वाकून बघत होत्या. "आन् यायले डोये कावून नहीत?"

तेव्हा सगळ्यांचं आबांच्या बाहुलीकडे लक्ष गेलं. मधोमध, पांढरी टोपी, पांढऱ्या भुवया, त्याखाली गुळगुळीत. आबा म्हणाले, "म्याच सांगलं व्हतं."

"बराबर काढलं," अक्का म्हणाल्या. "आयुष्यभर केयीकडे पाह्यलं. घरात कोनाकडे पाह्यलं व्हतं यायनं?"

माइकवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने माइक बंद केला. आबांनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. मग बाकीच्यांना एकदम सुचलं, की आबांच्या डोळ्यांचे पैसे आपण भरावेत. थोरला म्हणाला मी भरतो, मधला म्हणाला तू कशाला, पुण्याच्या धाकट्याने तर फोन काढून मला पाठवूनही टाकले. थोरला म्हणाला की ते परत करा, मान माझा आहे. पुन्हा भांडण पेटणार, तोच अक्कांनी पदराची गाठ सोडली, घडी केलेल्या नोटा काढल्या आणि माझ्या हातात ठेवल्या.

"द्या यायले डोये. खास."

मी तिथेच बसले. केळीच्या खोक्यावर पेटी, समोर भिंग, मागे तीनशे माणसं. आबांनाही खुर्ची आणून समोर बसवलं. ते दाढी करायला बसल्यासारखे मान ताठ करून बसले.

"हलू नका," मी म्हटलं.

"मी हालतच नही. तुमचा हात हालून राह्यला."

डावा डोळा ठीक आला. उजव्याला कूलरचा झोत लागला आणि बुबुळ केसभर बाजूला गेलं. पुसून पुन्हा काढायला हवं होतं, पण तोवर मागच्या बायका जेवायचं जेवायचं करू लागल्या होत्या आणि आबा उठून उभे राहिले होते. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि स्वतःकडे बराच वेळ बघितलं.

"मी तिरपा पाहून राह्यलो का?"

"थोडंसं," मी म्हटलं. "दुरुस्त करते."

"कोनाकडे पाहून राह्यलो?"

सगळ्यांनी त्या बुबुळाची रेघ धरली. माना वाकवून, बोट काचेवर ठेवून, दोघा-तिघांनी दोरीने सुद्धा. ती सरळ जामनेरच्या जावयावर जात होती. तो रुमालाने कपाळ पुसत उभा होता.

आबा खऱ्या जावयाकडे वळले. "कारे बापा. केयं कावून खात नही तू?"

"घशाला खाज येते, आबा. सगळं तोंड सुजतं."

"मंग सांगाले काय झालं व्हतं?"

आबांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला पंगतीकडे घेऊन गेले. वाढणाऱ्याने आमरसाच्या वाटीशेजारी सवयीने केळं ठेवलं, ते आबांनी उचलून स्वतःच्या पानात घेतलं.

डोळा मी दुरुस्त केला नाही. कुणी करूच दिला नाही. थोरल्या मुलाची मात्र तक्रार राहिली, की ज्याने खासचे पैसे सगळ्यात उशिरा भरले त्याच्याकडेच वडील बघत आहेत. मधल्या सुनेने ती गोष्ट माहेरी सांगितली आणि आता धुळ्याहून दोन घरांचं काम आलं आहे. डोळ्यांचे वेगळे पैसे आता मी लावत नाही. एकाची अट अशी, की म्हातारा मधोमध हवा, पण त्याने कुणाकडेही बघता कामा नये. मी त्यांना कळवलं आहे, की असे डोळे मला येत नाहीत.

परवा अक्कांचा फोन आला. पेटीच्या फटीतून धूळ आत जाते, कशाने पुसायची?

"मऊ ब्रशने, अक्का. हलक्या हाताने."

"तोंडावरूनबी फिरवू का?"

"फिरवा."

पलीकडे त्यांनी पेटी उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "थांबा, हे इथीच बसेल हायेत. यायलेच सांगते पुसाले."